गाडी घेतली, पण ती राखायची कशी?

घरापुढे चारचाकी उभी राहणे ही गोष्ट आपल्या वस्त्यांत एके काळी नवलाची होती. आज ती तशी राहिलेली नाही. कुणी बँकेचे कर्ज काढून मुलाबाळांसाठी छोटी गाडी घेतो, कुणी निवृत्तीच्या पैशांतून टॅक्सी किंवा टेम्पो घेऊन धंद्याला लागतो, तर कुणी भावाभावांत पैसे जमवून जुनी गाडी विकत घेतो. गाडी आली की पेढे वाटले जातात, फोटो काढले जातात, सीट कव्हर आणि टेप बसवला जातो. मात्र ही गाडी रात्री उभी कुठे करायची आणि ती चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचे, हा विचार बहुतेक घरांत शेवटी येतो. कित्येकदा तो येतच नाही. म्हणून या लेखात आम्ही गाडीच्या सुरक्षिततेची साधने कोणती, ती कोणत्या क्रमाने घ्यावीत आणि बसवून घेताना काय पाहावे, याची माहिती देत आहोत.

गाडी जाते, हप्ता राहतो

प्रथम हिशोब पाहू. समजा, सहा लाखांची गाडी घेतली. पदरचे साठ हजार भरले आणि पाच लाख चाळीस हजारांचे कर्ज दहा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे नऊ हजार रुपये होतो. अडीच वर्षांनी गाडी चोरीला गेली, तर त्या दिवशी कर्जाचे सुमारे तीन लाख नव्वद हजार रुपये आणि ५४ हप्ते शिल्लक असतात. गाडी दारात नसली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

विमा असेल तर कंपनी किती देईल? विम्यात गाडीची जी किंमत धरलेली असते तिला ‘आयडीव्ही’ म्हणतात. दोन ते तीन वर्षे जुन्या गाडीसाठी ही किंमत मूळ विक्री किमतीतून ३० टक्के घसारा वजा करून धरण्याची पद्धत आहे. म्हणजे आपल्या उदाहरणात चार लाख वीस हजार. त्यातून आधी बँकेचे देणे फिटेल आणि हातात उरतील जेमतेम तीस हजार. अडीच वर्षे भरलेल्या हप्त्यांचे एवढेच उरते. आणि विमा केवळ ‘थर्ड पार्टी’ असेल, तर काहीच मिळत नाही. त्या विम्यातून दुसऱ्याचे नुकसान भरून निघते, आपली चोरी नव्हे.

येथे एका फसगतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. शोरूममधून अनेकांना जी पॉलिसी मिळते तिच्यात थर्ड पार्टी तीन वर्षांची, पण स्वतःच्या नुकसानीचा व चोरीचा भाग एकाच वर्षाचा असतो. ‘आमचा विमा तीन वर्षांचा आहे’ या समजुतीत कुटुंब राहते आणि दुसऱ्या वर्षी चोरीचे संरक्षण केव्हाच संपलेले असते. वाचकांनी आजच पॉलिसीचा कागद काढून त्यावरील दोन्ही तारखा वाचाव्यात. गाडीच्या सुरक्षिततेचे पहिले साधन हा कागदच आहे आणि तो वाचायला पैसे पडत नाहीत.

चोराला काय नको असते?

कोणतेही कुलूप, कोणताही गजर गाडी शंभर टक्के सुरक्षित करू शकत नाही. दुकानदार तसे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आणि आरशाला बांधलेल्या लिंबू-मिरचीने तर आजवर एकही चोर परतलेला नाही. चोराला तीन गोष्टी नको असतात : वेळ, आवाज आणि उजेड. जी गाडी दोन मिनिटांत निघते ती तो नेतो. जिला दहा मिनिटे लागतील ती सोडून तो पुढच्या गाडीकडे वळतो. म्हणून आपले काम एकच, चोराचा वेळ वाढवणे. हा वेळ एका महागड्या यंत्राने वाढत नाही. तो एकावर एक अशा दोन-तीन साध्या अडथळ्यांनी वाढतो.

चोरीच्या तऱ्हाही समजून घेतल्या पाहिजेत. काही गाड्या सुट्या भागांसाठी चोरल्या जातात. काही दुसऱ्या गुन्ह्यात वापरून टाकून दिल्या जातात. आणि काहींची ओळखच बदलली जाते. अपघातात निकामी झालेल्या गाडीची कागदपत्रे टोळ्या विकत घेतात, त्याच बनावटीची, त्याच रंगाची गाडी चोरतात, तिचा चासी नंबर खोडून निकामी गाडीचा नंबर ठोकतात आणि ती परराज्यात विकतात. म्हणजे आपली साधी, सगळीकडे दिसणारी गाडी चोराला नको असेल हा समज चुकीचा आहे. जी गाडी रस्त्यावर सर्वांत जास्त दिसते, तिचे सुटे भाग आणि तिचे गिऱ्हाईकही सर्वांत जास्त असते.

पहिला अडथळा : डोळ्यांना दिसणारे कुलूप

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित साधन म्हणजे लोखंडी कुलूप. स्टिअरिंगला आडवे लागणारे कुलूप बाहेरून काचेतून दिसते, हाच त्याचा मोठा गुण. ते घेताना पट्टी पोकळ पत्र्याची नाही ना, चावी साध्या कपाटाच्या चावीसारखी नाही ना, हे पाहावे. रंग पिवळा वा लाल असावा, म्हणजे रात्रीही नजरेत भरतो. त्याची उणीव अशी की स्टिअरिंगची कडी करवतीने कापून ते निसटवता येते. तरीही त्याला वेळ लागतो आणि कापलेले स्टिअरिंग घेऊन रस्त्याने जाणे चोरालाही अवघड जाते.

गिअर लॉक त्याहून पक्के. ते गाडीच्या तळाला बोल्टने जखडलेले असते आणि गिअरचा दांडा रिव्हर्समध्ये अडकवून ठेवते. ते आपल्याच गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेले असावे. एकदा आवळल्यावर डोके तुटून जाणारे बोल्ट त्यात वापरलेले असावेत, म्हणजे पाना लावून ते खोलता येत नाही.

अशी कुलुपे रोज लावण्याचा कंटाळा येतो ही खरी अडचण आहे. पहिले पंधरा दिवस कुलूप लागते, मग ते सीटखाली पडून राहते. ज्या कुलपाला रोज दोन मिनिटे लागतात ते घेऊ नये. दहा सेकंदांत लागणारे घ्यावे. सीटखाली पडलेले भारी कुलूप काय कामाचे?

दुसरा अडथळा : इंजिन चालूच न होणे

इमोबिलायझर हा शब्द अवघड वाटतो, पण त्यातली कल्पना सोपी आहे. चावीच्या डोक्यात एक छोटी चिप असते. चावी लावली की गाडीतील यंत्र त्या चिपला खूण विचारते. खूण जुळली तरच इंजिन चालू होते. मग कुणी त्याच आकाराची चावी घासून आणली किंवा वायरी जोडल्या तरी गाडी ढिम्म राहते. युरोपीय देशांत १९९८ पासून, ऑस्ट्रेलियात २००१ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या मोटारींना हे साधन सक्तीचे आहे.

त्याचे महत्त्व अमेरिकेतील अलीकडच्या एका प्रकाराने जगापुढे आणले. तेथे अशी सक्ती नसल्याने २०११ ते २०२२ या काळातील ह्युंदाई व किया कंपन्यांच्या अनेक मॉडेलांत इमोबिलायझर बसवलेला नव्हता. स्टिअरिंगखालचे आवरण तोडून यूएसबीच्या टोकाने गाडी कशी चालू करायची याचे व्हिडिओ २०२१-२२ मध्ये पसरले आणि पोरासोरांनीही गाड्या पळवल्या. अपघातांत माणसे दगावली, काही विमा कंपन्यांनी काही शहरांत अशा गाड्यांचा नवा विमा घ्यायला नकार दिला. शेवटी कंपन्यांना २०२३ मध्ये सॉफ्टवेअर बदलून द्यावे लागले आणि पोलिसांमार्फत काय वाटले? तर स्टिअरिंगला लावायची लोखंडी कुलुपे! कॅनडात याच कंपन्यांच्या गाड्यांना इमोबिलायझर होता, म्हणून तेथे ही युक्ती चालली नाही.

आपल्या गाडीत तो आहे की नाही हे माहितीपुस्तिकेत पाहावे किंवा सर्व्हिस सेंटरला विचारावे. साधारणपणे गाडी बंद असताना डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे छोटे चित्र लुकलुकत असेल तर तो आहे असे समजावे. नसेल, तर बाहेरून बसवता येतो.

जुन्या गाडीसाठी यापेक्षाही साधा उपाय म्हणजे गॅरेजवाले ज्याला ‘चोर स्विच’ म्हणतात तो. एक बटण गुप्त जागी बसवून पेट्रोल पंपाचा वीजप्रवाह तोडायचा. चोराने गाडी चालू केली तरी नळीतील पेट्रोल संपताच काही अंतरावर ती बंद पडते. केवळ स्टार्टरची वायर तोडणारा स्विच अपुरा, कारण साध्या गिअरची गाडी धक्का मारून चालू करता येते. मात्र स्विच आणि रिले चांगल्या प्रतीचे हवेत. हलका रिले धावत्या गाडीत दगा देतो आणि भर रस्त्यात गाडी बंद पडते. वॉरंटीतील नव्या गाडीच्या वायरी मात्र यासाठी कापू नयेत. आणि घरात जे जे गाडी चालवतात, त्या सर्वांना स्विचची जागा ठाऊक असावी. नाहीतर रात्री-अपरात्री बायकोला वा मुलीला रस्त्यात अडकून पडावे लागेल.

तिसरा अडथळा : गजर

मारुती आठशेच्या दिवसांत गाडीला गजर असणे हे ऐटीचे लक्षण होते. रिमोट दाबला की ‘टुक-टुक’ आवाज व्हायचा आणि शेजारपाजारची मुले गोळा व्हायची. आज बहुतेक गाड्यांना तो कंपनीकडूनच येतो. नसेल तर बाहेरून घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक, रिमोटचा संकेत दर वेळी बदलणारा असावा. जुन्या, स्वस्त गजरांत तोच तो संकेत जातो आणि तो जवळ उभे राहून पकडता येतो. दोन, सायरनला स्वतःची छोटी बॅटरी असावी. नाहीतर चोर गाडीखालून हात घालून एक वायर कापतो आणि गजर मुका होतो. तीन, बॉनेट उघडले तरी गजर वाजला पाहिजे. अनेक फिटर चार दारे जोडतात आणि बॉनेटचे बटण विसरतात. चार, धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची तीव्रता कमी-जास्त करता यावी.

या चौथ्या मुद्द्यावर थोडे अधिक सांगितले पाहिजे. जो गजर मांजर चढले तरी वाजतो, ट्रक गेला तरी वाजतो, तो आठ दिवसांत निरुपयोगी होतो. शेजारी वैतागतात, मग खिडकी उघडून बघणेही सोडतात. नेमका खरा चोर येतो तेव्हा सारी चाळ कूस बदलून झोपते. लोक उठून बघतील असा भरवसा असेल तरच गजराचा उपयोग. म्हणून सेन्सर नीट जुळवून घेणे हे शेजारधर्माचेही काम आहे.

चौथा अडथळा : माग काढणारे यंत्र

जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही. चोरीनंतर गाडी कुठे आहे हे सांगतो. टॅक्सी, टेम्पो, शाळेची व्हॅन अशा धंद्याच्या गाड्यांना तो फार उपयोगी आहे. प्रवासी वाहनांसाठी ‘एआयएस १४०’ नावाचे मानक असून त्यात माग काढण्याचे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण दोन्ही येतात. धंद्याची गाडी असेल तर साधे यंत्र घेण्यापूर्वी आपल्याला हे मानक लागू आहे का, हे आरटीओत विचारावे. म्हणजे दोनदा खर्च होत नाही.

ट्रॅकरमध्ये सिम कार्ड असते. त्याचा रिचार्ज संपला की यंत्र निव्वळ डबा. वर्षाचा खर्च किती, हे घेतानाच विचारावे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसायचा ट्रॅकर सोपा पडतो, पण चोरही तो क्षणात उपटतो. वायरने जोडलेला, आत दडवलेला आणि स्वतःची बॅटरी असलेला बरा. बॅगेला वा चावीला लावायचे ब्लूटूथ बिल्ले गाडीत टाकून भागेल असे कित्येकांना वाटते. ते आसपासच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतात आणि अनोळखी बिल्ला सोबत फिरतो आहे ही सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते. म्हणून ते केवळ जोडीला ठेवावेत.

धावत्या गाडीचे इंजिन मोबाइलवरून बंद करण्याची सोय काही यंत्रांत असते. ती वापरू नये. इंजिन बंद पडताच पॉवर स्टिअरिंग जड होते, ब्रेकचा जोर घटतो आणि रस्त्यावरच्या निरपराध माणसाचा जीव जाऊ शकतो. गाडी उभी राहिल्यावर पुन्हा चालू होऊ न देणारी सोय तेवढी योग्य. तसेच गाडी कुठे आहे हे मोबाइलवर दिसले म्हणून स्वतः पाठलाग करू नये, पोलिसांना ठिकाण कळवावे.

आणखी एक गोष्ट कुटुंबाच्या पानावर सांगितलीच पाहिजे. गाडीचा माग काढण्याचे यंत्र घरातल्या बाईचा माग काढण्यासाठी नव्हे. यंत्र बसवले आहे हे गाडी चालवणाऱ्या सर्वांना सांगावे आणि त्यांच्या संमतीनेच बसवावे.

चावी म्हणजेच गाडी

नव्या गाड्या बिनचावीच्या झाल्या आहेत. चावी खिशात असली की दार उघडते आणि बटण दाबले की गाडी चालू होते. सोय मोठी, पण तिच्यातून चोरीची नवी वाट निघाली. एक चोर घराच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीजवळ. घरात खुंटीला टांगलेल्या चावीचा संकेत पहिले यंत्र पकडून दुसऱ्याकडे पाठवते आणि गाडीला वाटते मालक आला. काच फुटत नाही, आवाज होत नाही. उपाय स्वस्त आहे : संकेत अडवणारी धातूच्या अस्तराची पिशवी. ती घेतल्यावर चावी तिच्यात घालून गाडीजवळ जावे आणि दार उघडते का पाहावे. उघडले, तर पिशवी कुचकामी. चावी दार-खिडकीपासून लांब ठेवावी. माहितीपुस्तिकेत ही सोय बंद करण्याची रीत दिली असेल तर रात्री बंद ठेवावी.

दुसरी तऱ्हा अशी की चोर काच फोडून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला यंत्र जोडतो आणि नवी चावीच तयार करून घेतो. दिल्ली परिसरात पकडलेल्या टोळ्यांकडे अशी यंत्रे मिळाल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. या सॉकेटवर बसवायची कुलुपे मिळतात. पण येथेही लोखंडी गिअर लॉक कामाला येते. संगणकाला फसवता येते, लोखंडाला कापावेच लागते.

या नव्या तऱ्हांपेक्षा आपल्या सवयीच अनेकदा चोराला मदत करतात. पानपट्टीपुढे इंजिन चालू ठेवून उतरणे, दूध आणायला जाताना चावी गाडीतच ठेवणे, मूल मागच्या सीटवर झोपले आहे म्हणून एसी चालू ठेवून जाणे, या गोष्टी कधीही करू नयेत. गाडी धुणाऱ्याकडे, गॅरेजमध्ये, हॉटेलच्या पार्किंगवाल्याकडे घराच्या चाव्यांसह जुडगा देऊ नये, एकटी गाडीची चावी द्यावी. दुसरी चावी घरात कुठे आहे हे आजच पाहून ठेवावे. विम्याचा दावा करताना कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल तर ती हरवल्याची नोंद करून नवी चावी घ्यावी आणि जुन्या चावीची खूण गाडीतून पुसून घ्यावी. आरसी बुकाची मूळ प्रत गाडीत ठेवू नये. डिजिलॉकर वा एम-परिवहनमधील प्रत २०१८ पासून कायदेशीर मानली जाते.

बसवून घेताना

चांगले यंत्र वाईट बसवले तर चोरापेक्षा मोठे संकट होते. गाडीला आग लागण्याच्या अनेक प्रकारांचे मूळ कच्च्या वायरिंगमध्ये असते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या केंद्रातच यंत्र बसवावे किंवा वॉरंटी कायम राहील असे लेखी घ्यावे. मूळ वायरी न कापता कपलरने जोडणारे यंत्र मागावे.

२. नवीन वायरीला बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे. जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले नकोत. वायर पत्र्यातून जाते तेथे रबर असावे. ती पेडल, स्टिअरिंगचा दांडा आणि सायलेन्सरच्या पाइपपासून दूर असावी.

३. मुख्य डबा नेहमीच्या, हाताला लागणाऱ्या जागी नको. सायरन बॉनेटखाली, तोंड खाली करून, पाणी आणि उष्णतेपासून दूर असावा. लुकलुकणारा लाल दिवा मात्र बाहेरून दिसेल असा लावावा.

४. वायरमन ओळखीचा, दुकान थाटून बसलेला असावा. ज्याने यंत्र दडवले त्याला ती जागा ठाऊक असते, हे विसरू नये. काम चालू असताना शक्यतो जवळ थांबावे.

५. काम झाल्यावर प्रत्येक दार, डिकी, बॉनेट उघडून गजर वाजतो का ते पाहावे. दिवे, वायपर, हॉर्न तपासावेत. मग गाडी बंद करून यंत्र किती वीज खाते ते मीटरवर मोजायला सांगावे. समजा, गजर ३० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी २४ दिवसांत निम्मी रिकामी होईल. महिनाभर गावी जाणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

६. बिल, वॉरंटी कार्ड, दोन्ही रिमोट आणि रिमोट बिघडला तर गजर बंद कसा करायचा याची माहिती घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. ट्रॅकरचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

विम्याच्या जुन्या दरपत्रकात पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने मान्य केलेल्या आणि ऑटोमोबाइल असोसिएशनने प्रमाणित केलेल्या चोरीरोधक यंत्रासाठी हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सवलत ठरलेली होती. आपली कंपनी काय देते हे विचारावे. मात्र केवळ सवलतीसाठी महाग यंत्र घेणे हा तोट्याचा व्यवहार होईल.

वस्तीने मिळून करायचे काम

आपल्यापैकी कितीजणांना बंद गॅरेज आहे? चाळीपुढे, गल्लीच्या तोंडाशी, नाल्याच्या भिंतीलगत गाड्या उभ्या राहतात. तेथे एकट्याच्या यंत्रापेक्षा सर्वांची नजर अधिक कामाची. दहा गाडीवाल्यांनी मिळून एक चांगला दिवा आणि एक कॅमेरा लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच खर्च येतो. कोणती गाडी कोणाची आणि त्याचा फोन नंबर काय, अशी यादी मंडळाकडे असावी. गाड्या भिंतीला वा एकमेकींना लगटून, चाके वळवून उभ्या कराव्यात. काचांवर चासी नंबरचे शेवटचे आकडे कोरून घ्यावेत. एवढ्याने गाडीची ओळख बदलणाऱ्याला सगळ्या काचा बदलाव्या लागतात.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट आलेली आहे आणि त्याआधीच्या गाड्यांनाही राज्यात ती सक्तीची केली आहे. तिच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि तिचे लॉक काढताना मोडते. ते तुटलेले दिसले तर दुर्लक्ष करू नये. आपली प्लेट दुसऱ्या गाडीला लागली तर पोलीस प्रथम आपल्याच दारी येतील.

चोरी झालीच तर

आधी गाडी टो करून तर नेली नाही ना, याची खात्री करावी. मग ११२ ला फोन आणि त्याच दिवशी एफआयआर. हद्दीचा वाद घालून परत पाठवले तर ऐकू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे १ जुलै २०२४ पासून कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनी, बँक आणि आरटीओ यांनाही लगेच लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

एफआयआर वेळेवर केला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आणि २०२२ मध्ये पुन्हा तेच बजावले. ज्यांचा दावा या कारणाने फेटाळला गेला त्यांनी ग्राहक आयोगाकडे जरूर जावे. पण चावी गाडीतच ठेवून गेलेल्या मालकाची बाजू तेथे लंगडी पडते, हेही सांगायला हवे. गाडी सापडली नाही तर पोलीस ‘अ’ समरीचा, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही असा अहवाल देतात. विम्याचे पैसे मिळण्यासाठी तो कागद लागतो. त्याचा पाठपुरावा स्वतःलाच करावा लागतो. दरम्यान बँकेशी बोलून ठेवावे, हप्ते गुपचूप थांबवू नयेत.

शेवटी खर्चाच्या क्रमाविषयी. ज्याच्याकडे थोडेच पैसे आहेत त्याने आधी विमा पूर्ण करावा, मग गिअर लॉक घ्यावे, मग इमोबिलायझर किंवा चोर स्विच बसवावा. गजर आणि ट्रॅकर त्यानंतर. धंद्याच्या गाडीला मात्र ट्रॅकर आधी. आणि ‘कागद नंतर देतो’ म्हणत कुणी स्वस्तात गाडी किंवा तिचे सुटे भाग देऊ केले, तर ते घेऊ नयेत. चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरसी ताडून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. चोरीचा माल घेणाराही कायद्याने गुन्हेगार ठरतो. आज आपण घेतलेला स्वस्त आरसा किंवा टेप कुणाच्या तरी पाच वर्षांच्या हप्त्यांतून आलेला असतो, आणि तो विकला जातो म्हणूनच उद्या आपल्या गल्लीतली गाडी जाते.